आम्ही घरात हाच वापरतो

बाहत्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी मी सोलापुरात एका कटलरीच्या दुकानात साबणाच्या फळीपुढे उभा राहायचो. कटलरी म्हणजे काटे-चमचे नव्हेत. बांगड्या, रिबिनी, पावडर, कंगवे, साबण विकणाऱ्या दुकानाला आमच्याकडे कटलरीचं दुकान म्हणतात आणि का म्हणतात ते कुणी विचारत नाही. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, मॅट्रिक पास, केसांना तेल लावून मागे वळवलेले, आणि स्वतःला फार हुशार समजणारा.

साबणातलं मला खरोखरच कळत होतं, हे खोट्या नम्रतेने कशाला लपवू. वरच्या कागदातूनच हुंगून मी वास अस्सल की नुसता वरवरचा ते सांगायचो. वडीला नख लावून बघायचो. चांगल्या वडीवर नखाची खूण उमटते पण खपली निघत नाही. आपल्या शहराच्या बोअरच्या खाऱ्या पाण्यात कुठला फेस धरतो आणि कुठला नुसता चिकटतो, तेही मला पाठ होतं. फळीचे तीन कप्पे होते: अंगाचा, डोक्याचा, धुण्याचा. डोक्याचा म्हणजे शिकेकाईचा, काळपट तपकिरी वडी. गिरणीतल्या लोकांच्या केसांत कापसाची पिंजर बसायची, ती त्यानेच निघते म्हणून ते तो हटकून न्यायचे.

पुरुष गिऱ्हाईक ही गमतीची जात. बायका दहा वड्या हुंगून अकरावी घेतात आणि त्यात त्यांना काही वाटत नाही. पुरुषाला स्वतःसाठी वासाचा साबण मागायची लाज. "घरात पाहिजे," असं म्हणायचे आणि चंदनाच्या वडीकडे हळूच बोट करायचे. वकील, मास्तर, तालुक्याचे कारकून, सगळे "घरात पाहिजे" वाले. मी गंभीर चेहऱ्याने वडी बांधून द्यायचो आणि ते गेले की मालकांकडे बघून डोळा मारायचो. मालक हसायचे. त्यांना हसवणं हेच मला माझं काम वाटायला लागलं होतं.

माझा एक ठरलेला विनोद होता. बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याच्या, आधी खेड्यातले लोक बैल धुवायला स्वस्तातली वडी न्यायचे. त्या दिवसांत "बैलाला का माणसाला?" हा प्रश्न खरोखरच विचारावा लागायचा. बेंदूर संपला तरी माझा प्रश्न संपला नाही. धोतर-फेटा दिसला की मी विचारायचो, "माणसाला का बैलाला?" दुकानात हशा पिकायचा. ज्याला विचारलं तोही कधी कधी कसनुसा हसायचा, आणि त्यालाही मजा आली असं मी धरून चालायचो. जिभेला हाड नव्हतं माझ्या.

त्या पावसाळ्यात मालकांनी शिकेकाईच्या वड्यांची एक पेटी आणली होती. गल्लीतल्याच कुणीतरी घरी पाडलेला माल. ओल लागली, वड्यांना भेगा पडल्या, वर पांढरी बुरशी आली. फडक्याने पुसून आम्ही नवा कागद गुंडाळला, पण वास कुठे जातो? गोठ्यात भिजलेलं पोतं पडलं की येतो तसा वास. मालक म्हणाले, "खपव कुठंतरी." कुठंतरी म्हणजे कुणाला, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

एका मंगळवारी दुपारी एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, स्वच्छ पण विटलेलं धोतर, हातात कापडी पिशवी, पायांवर रस्त्याची धूळ. आत न येता पायरीशीच बराच वेळ उभे राहून बघत होते. फळीकडे कमी, माझ्याकडे जास्त, असं आता आठवतं. मी तेव्हा एका वकीलसाहेबांना चंदनाच्या दोन वड्यांतला फरक समजावून सांगत होतो. ते झाल्यावर गृहस्थ पुढे आले.

"बाप्यामानसाला बरा साबन कुटला?" त्यांनी विचारलं.

"माणसाला का बैलाला?" माझ्या तोंडून सवयीने गेलं. वकीलसाहेब खो खो हसले.

गृहस्थ हसले नाहीत. रागावलेही नाहीत. "मानसालाच," ते म्हणाले. "शेरातनं पावने येनार हायती. हात-पाय धुवाया ठेवायचा. आमी घरात तांबडाच वापरतो, त्यो बरा दिसंना पावन्यास्नी. जरा चांगला दावा की."

मी खालच्या पेटीतली एक वडी काढली. शिकेकाईची, डोक्याची, बुरसटलेली. कागद नवाकोरा होता. त्यांनी नाकाजवळ नेली, पण कागदावर मी अत्तराचं बोट फिरवलेलं होतं. तीही एक युक्ती.

"ह्यो चांगला हाय न्हवं?"

"एक नंबर. आम्ही घरात हाच वापरतो."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, मान हलवली आणि वडी पिशवीत ठेवली. जाताना "येतो" म्हणाले. गिऱ्हाईक सहसा म्हणत नाही.

त्याच आठवड्यात रविवारी आम्ही मुलगी बघायला मैंदर्गीला गेलो. वडील माझ्या लहानपणीच वारले होते, तेव्हा थोरपण मामांकडे. आई, मामा आणि मी. स्थळ मध्यस्थांनी आणलेलं. शेती बेताची, माणसं सरळ, मुलगी सातवी शिकलेली, पत्रिका अक्कलकोटच्या गुरुजींनी आधीच जुळवून दिलेली. आईला हे स्थळ फार मनात भरलं होतं. एसटीत ती मला दोनदा म्हणाली, "ह्या वेळी नाक मुरडू नको." मी फोटो बघितला होता. नाक मुरडायचं काही कारणच नव्हतं.

घराच्या बाजूला धुण्याचा दगड होता. त्यावर घासून लखलखीत केलेली बादली, तांब्या, घडी घातलेला नवा पंचा आणि एका पितळी ताटलीत साबणाची वडी. काळपट तपकिरी. मधोमध भेग. ताटलीखाली माझ्याच दुकानाचा कागद घडी करून ठेवलेला होता, वडी घसरू नये म्हणून.

मी ताटलीकडे बघत असतानाच आतल्या दिशेने "नीर ता" असा आवाज देत मुलीचे वडील बाहेर आले. त्या बाजूला घरात निम्मं कानडी चालतं. मागून कुणीतरी पाण्याची दुसरी बादली आणून ठेवली. मी वर बघितलं. तेच धोतर, आज परीटघडीचं.

त्यांनी हात जोडले. "यावा," म्हणाले. चेहऱ्यावर ओळखीची रेषासुद्धा नव्हती.

मामा पुढे झाले, वडी हातावर घासली आणि थांबले. हात नाकाशी नेला. मामा म्हणजे फटकळ माणूस. "पाहुणे, हा कसला साबण? जनावराचा वास मारतोय."

"सोलापूरनं आनलाय," ते म्हणाले. "चांगला म्हनून दिला."

"फसवलं तुम्हाला. खेड्यातला माणूस बघितला की गळ्यात मारतात लोक. कुठलं दुकान? मी जाऊन त्याला विचारतो की."

मुलीचे वडील तांब्याने मामांच्या हातावर पाणी ओतत होते, ती धार थांबली नाही. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "आता ध्यानात न्हाय. मोट्या गावात दुकानं लई."

मामा हात पुसत आत गेले, आई बायकांकडे गेली. मी हात पुढे केले. त्यांनी पाणी ओतलं आणि ताटली माझ्यापुढे धरली.

"घ्या," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमी घरात हाच वापरता न्हवं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला रागवायला तरी जागा मिळाली असती. मी वडी घेतली आणि हात चोळले. फेस आला नाही. नुसता तो वास बोटांच्या बेचक्यांत बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मधल्या मानसानं दुकान सांगितलं हुतं," ते म्हणाले. "पोरगी द्यायची म्हंजे आदी बगून यावं वाटलं. साबन काय, हितं बी मिळतोय."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मला माफ करा, एवढं तरी. मी पंचा घेतला आणि आत गेलो.

मुलगी आली, पाटावर बसली. मामांनी विचारलं ते तिने नीट सांगितलं. आवाज स्पष्ट होता. मला "काही विचारायचं असेल तर विचार" म्हणाले, तर मी नाही म्हणून मान हलवली. शिरा-पुरी समोर आली. प्रत्येक घासाबरोबर बोटं नाकापाशी जायची आणि मी घास तसाच गिळायचो. आई कौतुकाने म्हणाली, "लाजतोय." खाऊन हात धुवायला बाहेर आलो तेव्हा ताटलीतली वडी गेली होती. तिच्या जागी त्यांचा रोजचा तांबडा साबण होता, वापरून झिजलेला, ओला. त्याला नुसता स्वच्छ वास होता. मी दोनदा हात धुतले.

मुलीचे वडील आम्हाला एसटीपर्यंत पोचवायला आले. मामा गाडीची चौकशी करायला गेले, आई सावलीला बसली, आणि ते व मी असे दोघेच उभे राहिलो. दहा मिनिटं तरी असतील. कबुली ओठापर्यंत आली होती. मी म्हणालो, "इकडं एसटी वेळेवर असते का?"

"असती की," ते म्हणाले आणि रस्त्याकडे बघत राहिले. मला आजही वाटतं, ते एसटीची वाट बघत नव्हते.

आठ दिवसांनी मध्यस्थ येऊन सांगून गेले, पत्रिका जुळत नाही.

आईला हा अपमान सहन झाला नाही. गुरुजींनी जुळवलेली पत्रिका आपोआप कशी मोडते? तिने त्या घराला नावं ठेवली. पाहुण्यांपुढे सडका साबण ठेवणारी माणसं, म्हणाली, त्यांच्याकडून दुसरी काय अपेक्षा करायची. ही साबणाची गोष्ट तिने गल्लीत सांगितली, पुढे माझ्या लग्नात सांगितली, माझ्या बायकोलाही सांगितली. बायको हसली. मीही हसलो.

दुकानात मी तो विनोद पुन्हा केला नाही. मालकांनी एकदा विचारलं, "काय रे, बैल कुठं गेला तुझा?" मी म्हणालो, घसा बसलाय. ती पेटी मात्र खपली. उरलेल्या वड्या मीच खपवल्या, निमूटपणे, विनोद न करता. सुधारलो असं म्हणायची सोयही मी ठेवली नाही.

आई गेली त्या वर्षी अंथरुणात पडल्या पडल्या तिला जुनं आठवायचं. एकदा मी तिचे हात धूत होतो. साबण चंदनाचा, चांगलाच आणला होता. तिने तळवा हुंगला आणि म्हणाली, "त्या मैंदर्गीच्या माणसानं माझ्या पोराला नाकारलं. काय खोट दिसली रे त्याला तुझ्यात?"

तिचा हात माझ्या हातात होता, फेसाने भरलेला.

"काही नाही गं," मी म्हणालो. "पत्रिका जुळली नाही."