शेवटच्या डब्याची पेज

भिमाबाईच्या घरात दोन महिने चूल पेटली नव्हती. सरपण होतं, पण रावजीला धूर सोसत नव्हता. पंधरा वर्षं खडी क्रशरवर दगडाची धूळ गिळलेला माणूस तो, छातीत पू धरला होता. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "पंचेचाळीस किलो भरू दे, मग ऑपरेशन. तोवर घरात धूर नको, आणि चांगलं खाऊ घाला." खाऊ घाला! सांगायला काय जातंय? स्टोव्हच्या रॉकेलचा नुसता वास आला तरी त्याला ढास लागायची, आणि भरला होता चाळीस किलो.

भिमाबाई इंदिरानगरात पाच घरची धुणीभांडी करायची. त्यातल्या योगिनीताईंनी एक दिवस माळ्यावरून विजेचं भांडं काढून दिलं. त्यांच्या भावानं मस्कतहून आणलेलं, आत चिनीमातीचं, वर काचेचं झाकण. सोबत तारली माशाचे आठ सीलबंद डबे. ताईंच्या सासूबाईंना घरात मासळी चालत नव्हती.

"सकाळी सगळं एकदम घाल आणि बटण दाब. संध्याकाळपर्यंत मंद शिजतं," ताई म्हणाल्या.

"दिवसभर शिजतं? असलं आळशी भांडं जन्मात पाहिलं नाय, ताई," भिमाबाई हसली, पण पदराखाली झाकून घेऊन आली.

आणि काय सांगावं, त्या आळशी भांड्यानंच घर तारलं. सकाळी सातला तांदळाची कणी, लसूण, हळद, पाणी आणि डब्यातला मासा घालून ती कामाला निघायची. पाचला परतावं तर पेज तयार. काटासुद्धा बोटानं चुरडावा इतका मऊ. आठवड्याला दोन डबे, बाकीच्या दिवशी डाळ. पेठ तालुक्यातल्या ओढ्यातले मासे खाऊन वाढलेला रावजी वाटी तोंडाला लावून पेज ओरपायचा. भारनियमनाचे दिवस होते, पण वस्तीतली लाईट जायची ती पहाटे आणि दिवेलागणीला. दिवसा असायची. देव पावला, असं भिमाबाई सगळ्यांना सांगायची.

सोमवारी दवाखान्यात काटा चव्वेचाळीसवर थांबला. एक किलो राहिला, फक्त एक! भिमाबाईला रडावं की नाचावं कळेना.

बुधवारी सकाळी तिनं आठवा डबा फोडला. "शेवटला हाय हा," ती म्हणाली. "एवढा अंगी लागू दे, मग बघा तुम्ही."

संध्याकाळी आली तेव्हा भांडं गरम होतं, पण कणी जराशी टणक लागली.

"अवं, लाईट गेली व्हती का?"

"नाय," रावजी म्हणाला. "वाढ की. भूक लागलीय."

भूक लागलीय! वर्षभरात हा शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता. तिनं वाटी काठोकाठ भरली. त्यानं दुसरी मागून घेतली, बोटं चाटली. स्वतःला तिनं ताईंकडून आणलेली शिळी भाकरी घेतली. त्याच्या तोंडचा मासा तिच्या घशाखाली कसा उतरणार?

उजाडायच्या आत उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. पण त्या देहात झुंजायला उरलं होतं काय? डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? "दिवसभर शिजवलेली पेज, माशाची," ती म्हणाली. दुपारी दोनला रावजी गेला.

माती देऊन माणसं परतली तेव्हा शेजारची भागीबाई तिच्याजवळ येऊन बसली.

"भिमे, सांगू का नको कळंना. काल लाईट नव्हती गं. टाईम बदललाय म्हणं. नऊला गेली ती चारला आली. मी त्याला बोलले, रावजी, ते भांडं कोमट पडलंय, आंबलं आसंल, भिमीला सांग टाकून द्यायला."

"मग?"

"मला गप केलं त्यानं. म्हणला, शेवटला डबा हाय, भागे. टाकायला लागला तर रडंल ती."

भिमाबाईनं कपाळावर थाडकन हात मारून घेतला.

"आरं मुडद्या," ती ओरडली, "रडले आसते की रं! एक दिस रडले आसते!"