नाव न घ्यायचं दुखणं

"आज हा काय म्हणतोय, डॉक्टर?" असं विचारत तो आपला उजवा हात माझ्या टेबलावर ठेवायचा, दुसऱ्या कुणाची वस्तू दाखवायला आणल्यासारखा. मी डॉक्टर नाही, कुवेतमधल्या सालमियातल्या एका क्लिनिकमधली फिजिओथेरपिस्ट. हे त्याला शंभरदा सांगितलं. पण स्वतःचंच खरं करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

तो फ्रेंच, व्यावसायिक गोल्फपटू. युरोपातल्या मोठ्या स्पर्धांत दहा-बारा वर्षं खेळला, दोनदा जिंकता जिंकता राहिला. मग तिथं खेळायचं कार्ड, म्हणजे परवानाच, गेलं आणि तो कुवेतच्या एका क्लबात शिकवायला आला. इथल्या जुन्या मैदानावर गवत नाही, वाळू. खेळणारा हिरव्या चटईचा तुकडा घेऊन हिंडतो आणि फटक्याआधी चेंडूखाली अंथरतो. "आसन घेऊन पूजेला निघाल्यासारखे दिसता," असं मी म्हणाले, तर मनापासून हसला.

पात्रता स्पर्धा खेळून ते कार्ड परत मिळवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. अडचण एकच. अगदी जवळून चेंडू खळग्यात ढकलताना मनगट झटका खायचं. गोल्फवाल्यांत या दुखण्याला नाव आहे, पण ते कुणी उच्चारत नाही. उच्चारलं की आपल्यालाच लागतं म्हणे. आमच्या गावाकडे रात्री सापाला लांबडं म्हणतात, त्यामुळे मला ते लगेच पटलं. केसपेपरवर मीही 'मनगट' एवढंच लिहिलं.

एका सकाळी तो चहा पीत बसला होता. कप डाव्या हातात. उजवा हात मांडीवर मोकळा पडलेला, आणि त्याचा अंगठा बोटांवर हळूहळू फिरत होता, तंबाखू मळावी तसा. ते गोल्फचं दुखणं फक्त चेंडूसमोर येतं. इथे तर हात रिकामा होता.

"एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवूया," मी म्हणाले.

"स्पर्धा पंधरा दिवसांवर आहे. तोवर काही बोलू नका. प्लीज."

मी गप्प बसले. दया वगैरे काही नाही, मी घाबरले होते. त्याचं उरलंसुरलं स्वप्न माझ्या तोंडून मोडायला नको होतं. ते पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

तो परतला तो एका फटक्याने कार्ड हुकवून. दाट गवतात चेंडूमागे काठी टेकवताना हात थरथरला आणि चेंडू बोटभर हलला. कुणी पाहिलं नव्हतं. यानेच पंचांना बोलावून दंडाचा फटका लावून घेतला. "सोबत खेळणारा म्हणाला, 'मला काही दिसलं नाही.' पण मला दिसलं ना?"

मी दार लोटलं. "मला कंपवाताची शंका येतेय. तीन आठवड्यांपूर्वीच आली होती."

तो हाताकडे बघत राहिला. "मला आठ महिन्यांपूर्वी," म्हणाला. "माझ्या वडिलांचा अंगठा असाच फिरायचा."

तपासणीसाठी तो फ्रान्सला गेला. तपासणीच्या दिवशी तिथूनच त्याचा फोन आला. "दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभा आहे. भीती वाटतेय. जरा फोन चालू ठेवता?" मी पेशंट थांबवून फोन कानाला लावून बसले. त्याची पावलं ऐकू आली, श्वास ऐकू आला, एक दार उघडलं. मग फोन बंद झाला.

त्यानंतर त्याने फोन केलेला नाही. मीही करत नाही. मला धीर होत नाही.