मधला सूर

नातीच्या कीबोर्डच्या क्लासमध्ये मी मागे बसले होते. आम्ही पेटी शिकलो तेव्हा एका वेळी एकच पट्टी दाबायची. दोन दाबल्या की गुरुजी बोटांवर मारायचे. इथे बाईंनी सा, ग, प खुशाल एकदम दाबले. "हा कॉर्ड. आता हेच सूर एकामागून एक वाजवले, की झाला आर्पेजिओ." सा, ग, प, वरचा सा. खोलीत ऊन आल्यासारखं वाटलं.

"आता फक्त ग शेजारच्या काळ्या पट्टीवर," त्या म्हणाल्या. सा आणि प जागचे हललेसुद्धा नाहीत, तरी माझ्या अंगावर काटा आला. इतकंच? शेजारच्या पट्टीवर दुःख बसलेलं असतं? जन्मभर कोमल गंधार गायले, पण बाकी सूर तेच ठेवून शुद्ध आणि कोमल गंधार असे लागोपाठ कधी ऐकलेच नव्हते.

नात तेच पुन्हा पुन्हा वाजवत राहिली, आणि मला ताईचा सकाळचा फोन आठवला. "मी बरी आहे गं." रोजचेच शब्द, रोजच्याच चालीत. फक्त मधलं 'बरी' किंचित उतरलेलं होतं.

मी तशीच उठून बाहेर आले. ताईला फोन लावला. रिंग वाजत होती. कोणी उचलत नव्हतं.