आमची पोपटी मोटार आणि लेकीचा फॅमिली डे

आमच्या घरात विजेवर चालणाऱ्या मोठ्या वस्तू चार होत्या : गीझर, इस्त्री, मिक्सर आणि मोटार.

मोटार दोन दारांची, पोपटी रंगाची. (रंग मीच निवडला, त्यामुळे दोष द्यायला कुणी नाही.) पेट्रोल नको, गिअर नको, आवाज नको. नारायण पेठेतल्या आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला माघार घ्यावी लागे, तिथे ही पठ्ठी एका दमात वळायची. खडकवासल्याच्या कालव्यांवर नोकरीची तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या माणसाने आयुष्यात प्रथमच काळाच्या पुढे पाऊल टाकलं होतं. आणि पुणेकरांनी काय केलं? हसले!

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. चार्जिंगसाठी स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली वायर सोडावी लागे. पहिल्या मजल्यावरचे केळकर गॅलरीत उभे राहून रोज विचारायचे, “आज पेशंटला सलाइन किती वेळ?”

बाहेरच्यांचं सोडा. माझी मुलगी शलाका खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करायची. तिच्या ऑफिसात फॅमिली डे ठरला, तसा मी आदल्या दिवशी मोटार पुसायला निघालो.

“बाबा, आपण रिक्षाने जाऊ या ना. प्लीज.”

“का? दारात मोटार असताना रिक्षा?”

“बाबा, ती कूल नाहीये.”

“कूल नाही? अगं, एसी आहे तिला!”

“तो लावला की मोटार चालत नाही,” माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली.

शलाकाने कपाळाला हात लावला. कूल म्हणजे थंड नव्हे. ज्यातून चारचौघांत उतरताना मान खाली घालावी लागत नाही ते कूल, असं तिने मला समजावलं. मी भडकलो. धूर न सोडणारी मोटार कूल नाही, आणि कानठळ्या बसवणाऱ्या त्या मोटारसायकली कूल? हा कुठला न्याय? “मोटारीनेच जायचं!” मी फर्मावलं. निवृत्त माणसाचं घरात कुणी ऐकत नाही. त्या दिवशी ऐकलं, हे माझं दुर्दैव.

शनिवारी सकाळी निघालो. पुढे मी आणि शलाका, मागे सुनंदा. (मागची सीट लहान मुलांसाठी होती. सुनंदा तिथे गुडघे हनुवटीला टेकवून बसली होती.) येरवडा ओलांडला आणि चार्जिंगचा काटा लिफ्टसारखा खाली आला.

“केळकर!” मी ओरडलो. “त्यानेच रात्री वायर काढली! माणूस आहे की कोण!”

“केळकरांनी नाही,” मागून घडी घातलेला आवाज आला. “तुम्हीच काल प्लग काढून इस्त्री लावलीत. या सफारीसाठी.”

“मग परत कुणी लावायचा?”

“तेच मी विचारतेय!”

नगर रस्त्यावर गाडी थांबली. चालू असतानाही ती आवाज करत नसल्याने बंद पडल्याचं आम्हा तिघांनाही कळलं नाही. ते मागच्या ट्रकला कळलं, आणि त्याने हॉर्न वाजवून अख्ख्या रस्त्याला कळवलं! माणसं जमली. “काका, गॅसवर आहे का?” “सेल बदलून बघा!” एकाने तर खिडकीत डोकं घालून विचारलं, “वाघोली? सीटचे किती?”

मी संतापाने उत्तर देणार, एवढ्यात एक भलीमोठी पांढरी जीप थांबली. उतरलेल्या गृहस्थांच्या अंगावर सुनंदाच्या सगळ्या दागिन्यांहून जास्त सोनं होतं.

“काय झालं, काका? कुठं जायाचं हाय?”

मी कंपनीचं नाव सांगितलं.

“आवं, आमच्याच रानात हाय की ती! थांबा, दोर बांधतो.”

अशा रीतीने काळाच्या पुढे गेलेली माझी मोटार डिझेलच्या जीपमागे फरपटत खराडीला पोहोचली. फाटकावरच्या वॉचमनने जीपला कडक सलाम ठोकला, आणि आमच्याकडे पाहून तोच हात तोंडावर नेला. शलाकाने ओढणीने पूर्ण चेहरा झाकून घेतला होता. हिरवळीवर तिचं अख्खं ऑफिस बायकामुलांसह उभं. ज्यांच्या मोबाइलला कॅमेरे होते, त्यांनी ते काढले.

तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी धावत आली. “वॉव! सो कूल!”

मी शलाकाकडे पाहिलं. “ऐकलंस?” ओढणी दोन बोटं खाली सरकली.

“पण अंकल, केवढा उशीर!” ती मुलगी म्हणाली. “किड्स राइड्स तिकडे, त्या उड्या मारायच्या हवेच्या किल्ल्याशेजारी. प्लग पॉइंट दिलाय तिथे.”

“अहो बाई, मी शलाकाचा बाप...” पण ती पॉपकॉर्नवाल्याला ओरडायला निघून गेली होती! मोटारीत तोवर चार पोरं शिरली होती. एक हॉर्नवर, एक सुनंदाच्या मांडीवर.

“अहो, प्लग लावा आणि चालवा एकदाची,” सुनंदा कळवळली, “म्हणजे ही उतरतील आणि मीही उतरेन!”

तासाभराने गाडीत धुगधुगी आली. चालवली. एक फेरी, दोन फेऱ्या, दहा फेऱ्या! रांग थेट कॅन्टीनपर्यंत गेली. शलाका आधी झाडामागे होती. मग तिच्या मॅनेजरच्या मुलाने उतरायचं नाकारून भोकाड पसरलं, तशी ती पुढे आली आणि सरळ रांग सांभाळायला लागली. “एका वेळी दोघंच! आणि ओरडू नका कुणी. बाबा आहेत ते माझे.” तिने हे इतक्या मोठ्याने म्हटलं, की मी स्टिअरिंगवरून हात काढून चष्मा पुसला.

जेवणाच्या वेळी मी रुबाबात मांडवाकडे निघालो, तर एका तरुणाने अडवलं. “अंकल, स्टॉलवाल्यांचं जेवण मागे.”

मागे! मी, सरकारचा निवृत्त उपअभियंता! पण पोटात आग पडली होती. मागे गेलो. शेजारी हवेचा किल्ला भाड्याने देणारा बसला होता. तो बराच वेळ माझ्याकडे खुन्नसने बघत होता.

“काका, तुमच्यामुळे माझा किल्ला आज ओस पडला,” शेवटी तो म्हणाला. “वाढदिवसाच्या ऑर्डरी घेता का? जोडीने करू.”

माझी पुरी हातातच राहिली. तीस वर्षं ज्याच्या सहीने कालव्यांना पाणी सुटलं, त्याने वाढदिवसाच्या ऑर्डरी घ्यायच्या? याला आता असं काहीतरी सुनवावं की जन्मभर लक्षात राहील, म्हणून मी ताठ बसलो, सफारीची कॉलर नीट केली, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला, आणि विचारलं,

“चार्जिंगची सोय कुठे कुठे असते?”