दव वाळू द्या

मोसंबीवर दव असताना ती तोडायची नसते, हे मला माहीत नव्हतं. एवढ्या एका अज्ञानावर मी एका शेतकरी कंपनीची सगळी पुरवठा साखळी आखून दिली होती. रंगीत बाणांसकट.

माझा धंदा आधी सांगतो. माल कुठं गोळा करायचा, कुठं साठवायचा, कोणत्या वाटेनं आणि किती गाड्यांनी पाठवायचा, हे मी कंपन्यांना आखून देतो. जालन्यात मस्तगडला एका खोलीत ऑफिस आहे. ज्यांना सगळे मावशी म्हणतात, त्या शेडवरच्या बाईला पहिल्या भेटीत हे असंच समजावलं, तर ती म्हणाली, "म्हंजे आमचा डायवर फिरून करतो, ते तुम्ही बसून करता."

मावशी तीर्थपुरीच्या शेडवर चौदा बायांची मुकादम होती. मोसंबी हातानं निवडून क्रेटमध्ये भरायची, हे त्यांचं काम. तिची लकब सगळ्या शिवाराला ठाऊक होती. बागेत शिरली की पहिलं फळ गालाला लावायची आणि डोळे मिटायची. मग म्हणायची, "आजून न्हाई. दव वाळू द्या." एवढं ऐकलं की तोडणीवाले सगळे निमूट बांधावर बसायचे. असा अधिकार तुम्ही एखाद्या कलेक्टरचाही पाहिला नसेल.

कंपनीच्या बैठकीत मी पडद्यावर नकाशा लावला. गावोगावच्या शेड बंद. पहाटे तोडणी, माल थेट जालन्याच्या एका मोठ्या गोदामात, तिथं निवडायला यंत्र, दुपारी गाडी दिल्लीच्या वाटेला. संचालक माना डोलावत होते. मागं सतरंजीवर बसलेल्या मावशीनं हात वर केला.

"साहेब, ह्या नकाशात आम्ही कुठं बसून राह्यलो?"

मी नकाशाकडे पाहिलं. बाण पुष्कळ होते.

"मावशी, तो पुढच्या टप्प्याचा विषय आहे," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की अजून माझे कान तापतात.

ठरलं असं की, एक गाडी माझ्या पद्धतीनं पाठवून बघायची. माल धड पोचला तर तीर्थपुरीची शेड बंद. चौदा जणींचं काम त्या एका गाडीवर आलं होतं, आणि मावशीला ते बराबर कळत होतं.

त्या दिवशी पहाटे झाडं नुकतीच न्हाऊन उठल्यासारखी ओली होती. मावशीला कुणी बोलावलं नव्हतं, तरी ती आली. फळ गालाला लावलं.

"साहेब, दोन घंटे थांबा. आत्ता साल फुगलेली हाय. बोट लागलं तरी दुखती."

"दोन तास थांबलो तर माझं सगळं वेळापत्रक कोसळतं, मावशी."

"कोसळू द्या की. फळ तर टिकल."

मला वाटलं, बाई आपलं काम वाचवायला आडवी येतेय. मी घड्याळ दाखवून तोडणी सुरू केली. आता तुम्हीच बघा, तिला काम वाचवायचं असतं तर तिनं नुसतं गप्प बसायचं होतं. एवढं साधं गणित मला सुटलं नाही. ते सोडवायला दिल्लीहून फोटो यावे लागले. निम्म्या मालावर तपकिरी डाग उठले होते. दवात तोडलेल्या फळाच्या सालीतलं तेल फुटतं आणि डाग दोन दिवसांनी दिसतो, हे व्यापाऱ्यानं मला फोनवर समजावलं. बाकी जे समजावलं ते इथं लिहिता येत नाही.

पुढच्या बैठकीत एक संचालक म्हणाले, "ह्या सल्लागाराला काढा."

मी बॅग आवरायला घेतली. तेवढ्यात मावशी बोलली. "काढू नका. हा निम्मा शिकलाय. नवा आणला तर त्याला पुन्हा पहिल्यापासून कोण शिकवल?"

मग आठ दिवस मी तिच्या मागं बागेत फिरलो. फळ गालाला लावून ऐटीत सांगायचो, "वाळलं." ती म्हणायची, "आधी दाढी करून या. त्या गालाला काय कळून राह्यलंय?"

दुसरा नकाशा आम्ही दोघांनी केला. ऊन वर आल्यावर तोडणी, तीर्थपुरीच्याच शेडमध्ये निवड, संध्याकाळी गाडी. खराब फळ जालन्यापर्यंत फुकटचा प्रवास करेनासं झालं. जालन्याचं गोदाम नकाशावरून गेलं आणि शेड राहिली. मावशीनं चौदा जणींची जागा बोट ठेवून बघितली आणि म्हणाली, "आता बराबर."

शेड अजून चालू आहे, बायाही वाढल्या आहेत. मावशी तेवढी नाही. गुडघ्यांनी साथ सोडली, तशी ती राजूरला लेकीकडे राहायला गेली. देवळाच्या रस्त्यावर लेकीचं नारळाचं दुकान आहे. शेडवर गेलो की आत शिरताना आधी कुणाकडे बघायचं, ते मला अजून कळत नाही.

परवा मला द्राक्षांचं काम मिळालं. द्राक्षांतलं मला खायचं सोडून काही कळत नाही. लॅपटॉप घेतला आणि राजूर गाठलं. मावशी नारळांच्या ढिगामागं बसली होती. मला नखशिखांत न्याहाळलं, बगलेतला लॅपटॉप बघितला आणि आत लेकीला हाक मारली.

"आगं, च्या टाक. ह्याला बसू दे जरा, मंग इचारू आता कोणाचं वाटोळं करून राह्यलाय ते."