पेटीवरचा मासा

मास्तर पोहायला शिकवायचे. तलावावर कुणी घसरलं, कुणी खोल बाजूला गेलं, की त्यांचं बोट भिंतीवरच्या पाटीकडे जाई. "लिहून ठेवलंय. वाचायचं काम तुमचं."

त्या सकाळी मात्र मास्तरांच्याच तोंडचं पाणी पळालं होतं. जावयाचा नवाकोरा फोन त्यांच्या मुठीत काळाठिक्कर पडला होता.

नातीला पहिल्यांदा तळापर्यंत बुडी मारता आली होती. "काठावरून काढा एखादा फोटो," म्हणून जावयानं फोन मास्तरांकडे ठेवला होता. पण फोनच्या पेटीवर पोहणारा मासा होता, आणि जेवताना जावईच म्हणाला होता, "हा पाण्याला भीत नाही." मास्तरांना वाटलं, पोर तळाशी कशी हसते ते तिच्या बापानं बघावं. त्यांनी नातीबरोबर फोनसकट बुडी मारली.

लेकीला घेऊन ते दुरुस्तीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीनं फोन उघडला. "आत पाणी गेलंय, काका. वॉरंटीत बसत नाही."

"अहो, पेटीवर मासा आहे."

"तो साध्या पाण्यातला. तलावात औषध घालतात ना? ते चालत नाही. पुस्तिकेत दिलंय." तिनं मुंगीच्या पायांसारखी अक्षरं पुढे केली.

"मासा एवढा मोठा, आणि हे एवढंसं?"

"लिहिलंय ना पण. वाचायला हवं."

या बोलण्याला काय उत्तर असतं, ते मास्तरांना इतक्या वर्षांत कुणी दिलं नव्हतं.

"विमा आहे याचा," लेक म्हणाली.

"अपघाताचा आहे. हातातून निसटून पाण्यात पडला असेल तर दुसरा मिळेल. मुद्दाम नेला असेल तर नाही. ज्यांचा फोन आहे त्यांनाच येऊन सांगावं लागेल."

बाहेर येताच लेक म्हणाली, "निसटला म्हणायचं, बाबा. मी सांगते ह्यांना. तुम्ही फक्त मान हलवा."

बायको गेल्यापासून मास्तर लेकीकडे राहत होते. जावई वाकडं बोलणारा नव्हता. तो बोलायचाच कमी, आणि त्याचीच मास्तरांना धास्ती. परक्या घरात माणूस कपसुद्धा दोन्ही हातांनी उचलतो. दिवसभर जिन्यात पाऊल वाजलं की ते दाराकडे बघत.

संध्याकाळी जावई आला. लेकीनं चहाबरोबरच सांगून टाकलं, "फोन पाण्यात पडला. बाबांच्या ओल्या हातातून निसटला."

जावयानं फोन हातात घेतला, उलटा केला, खाली ठेवला. मग तो मास्तरांच्या हातांकडे बघत राहिला.

"निसटला?" तो म्हणाला. "मामा, पोरीलाही याच हातांनी खोल पाण्यात नेता ना?"

कोपऱ्यात नात न्हाऊन केस पुसत होती. ती थांबली. "आजोबांनी तर—" ती म्हणाली, आणि आईनं डोळे वटारताच गप्प बसली.

मास्तरांनी कप खाली ठेवला. "निसटला नाही, जावईबापू. पाण्यात माझ्या हातून काही निसटत नाही. मीच नेला, घट्ट धरून. तुम्ही काठावरून म्हणाला होतात. मी त्या माशावर विसंबलो."

लेकीनं कपाळाला हात लावला. "झालं. गेला विमा."

चहा संपवून जावई उठला, कप मोरीत ठेवला. मास्तर आपल्या तळहातांकडे बघत बसले. खोली सोडायला सांगितली तर कुठे जायचं, इथपर्यंत त्यांचं मन पोचलं होतं.

"ती पुस्तिका मी तरी कुठे उघडली होती," आतून जावयाचा आवाज आला. मग बायकोला, "पोरीची पोहण्याची पिशवी भरून ठेव. सकाळी मामांबरोबर जाऊ दे."