घरी राहिलेली सुरेन

मगरिबच्या नमाजानंतर दुआ मागताना पाकदे सुतार्नोंचं नाव आपोआप ओठांवर आलं. म्हणून आज त्यांच्याविषयीच लिहिते. मोठ्या काकांना आमच्या बेटावर पाकदे म्हणतात. हे माझे सख्खे काका नव्हेत, शेजारी. पण सख्ख्यांहून जवळचे.

जन्मभर त्यांनी टेम्पे केलं. सोयाबीन शिजवायचं, केळीच्या पानांत बांधून आंबवायचं आणि उजाडायच्या आत सायकलवर घालून बाजारात न्यायचं. त्याआधी, तरुणपणी, ते पाखरं धरत. तेव्हा आमच्या भातखाचरांत नांगरामागून सुरेनचे थवे चालायचे. सुरेन म्हणजे काळी-पांढरी कवडी मैना. पाकदे काड्यांना फणसाचा चीक लावून त्यांना धरायचे, घरट्यातली पिलं काढायचे आणि विकायचे. आता खाचरांत एकही उरली नाही. फवारणीने गेल्या, असं कुणी म्हटलं की पाकदे म्हणतात, "फवारा मागाहून आला. त्याच्या आधी मी होतो."

त्या जुन्या पाखरांच्या वंशातला एक नर त्यांच्या ओसरीवर होता. त्याची मादी मेली तेव्हा तो दाण्याला तोंड लावेना. पाकदेंच्या बायकोला, मिनार्सीबाईंना, ते बघवेना. "अहो, आणा की त्याला कुणीतरी," असं म्हणून त्यांनी नवऱ्याला शहरातल्या पाखरांच्या बाजारात पाठवलं. पाकदे एक मादी घेऊन आले. कुठली, कुणाची, काही विचारलं नाही. सुरेन ती सुरेन, एवढंच तेव्हा सगळ्यांना ठाऊक. जोडी जमली, पिलं झाली, आणि ती गावात घरोघर गेली. पुढे मिनार्सीबाई वारल्या. मग त्या जोडीशीच पाकदेंचं बोलणं.

मागच्या पावसाळ्यानंतर पक्षी-केंद्रातली अनिंद्या नावाची मुलगी आली. दोघांचं एकेक पीस तपासायला घेऊन गेली, आणि पुन्हा आली ती हसतच.

"पाकदे, तुमचा नर अस्सल इथला आहे! असे फार थोडे उरलेत."

"आणि ही?"

"ही समुद्रापलीकडची. वेगळी जात."

"वेगळी? अगं, दोघांना शेजारी बसव आणि बघ."

"दिसतात सारखीच. हिच्या डोळ्याभोवतीची नारिंगी कातडी थोडी लहान आहे, कपाळावर पांढरं जास्त आहे. पूर्वी एकच जात समजायचे, आता वेगळ्या मानतात."

"माझ्या पाखरांना कुणी कळवलं नाही," पाकदे म्हणाले.

केंद्राला नर हवा होता. तिथे त्याच्याच जातीची एक तरुण मादी होती. पिलं झाली तर कधीतरी खाचरांत सोडता येतील. आमचे हे कुंपणापलीकडून ओरडले, "पाकदे, स्थळ चालून आलंय! मुलगी कामसू आहे का विचारा तरी!" पाकदेही हसले. मग पिंजऱ्यापाशी जाऊन वाटीतलं पाणी बदलू लागले.

मी म्हटलं, "देऊ नका. इतक्या वर्षांचा संसार आहे त्यांचा."

"ते मला कळत नाही का, पार्तिनी? मी काय दगड आहे?" आवाज चढला, मग उतरला. "पण ही खाचरं मी रिकामी केली. माझ्याकडे परत द्यायला हा एकच आहे."

अनिंद्या न्यायला आली तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने नर काढून दिला. त्याच्या अंगावर फडकं घातलं, "बिस्मिल्लाह" म्हटलं आणि पाठ फिरवली. मादी दिवसभर दाराच्या बाजूला बसून राहिली. संध्याकाळी दांडीवर गेली ती एका टोकाला; उरलेली जागा तशीच मोकळी. ते मी पाहिलं आणि घरी येऊन भात करपवला.

रमजानच्या आधी निरोप आला, पिलं झाली. पाकदेंनी नवा सदरा घातला, डब्यात रातकिडे भरले आणि मला म्हणाले, "चल, सोबतीला." बसने गेलो. फाटकावर अनिंद्या आली, पण आत नेईना. पिलांना माणसाची सवय लागता कामा नये, लागली तर बाहेर जगणार नाहीत. बाहेरचं खाणंही चालत नाही. बोलताना तिचेच डोळे भरले होते.

भिंतीपलीकडे सुरेन गात होत्या, एक नाही, पुष्कळ. पाकदे भिंतीला कान लावून उभे राहिले.

मी विचारलं, "आपला कुठला?"

त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग मान हलवली. "नाही ओळखू येत."

येताना बसमध्ये डबा पाकदेंच्या मांडीवर होता, आत किडे खरवडत होते. घरी पोचल्यावर पाय न धुताच ते ओसरीवर बसले, डबा उघडला आणि एकेक किडा मादीला भरवू लागले. ती घेत होती.

"खा गं," ते म्हणाले, "त्याच्यासाठी नेले होते. तूच खा."